अण्णाच्या नाडीची वही

कडगंची, वैशाख शुद्ध ९, फसली १३४६

कलावैनी,

नमस्कार-आशीर्वादाचं जे काय असतं ते मास्तरांनी आपल्या मनानं म्हणून घ्यावं. माझ्या हातून आज ते लिहवत नाही. तुला अक्षर येत नाही आणि मेहकरात कागद वाचणारे एक गुरुपादय्या मास्तरच, म्हणजे हे पत्र तुझ्या बापाच्या अंगणात चार माणसांत वाचलं जाणार. बरंच आहे. मास्तर, आवाज खाली घेऊ नका. तुझ्या बापाला, गुंडेरावांना, कमी ऐकू येतं, आणि नको असलेलं तर मुळीच ऐकू येत नाही.

पाडव्यानंतर आठ दिवसांसाठी म्हणून बापाच्या गाडीत बसून गेलीस. आज महिना उलटून गेला. तुझा नवरा, माझा थोरला भाऊ, अजून त्याच बाजेवर आहे, त्याच आढ्याकडे बघतोय. सकाळी मी त्याची कूस बदलते, दुपारी आंबील चमच्यानं घालते, संध्याकाळी पाठ पुसते. पाठीला एक जखम नाही. हे काम कुणाचं होतं, वैनी? नात्यानं तू मोठी, वयानं मी मोठी, म्हणून मीच विचारते.

जाताना उंबऱ्यात उभी राहून काय म्हणालीस ते मी विसरलेले नाही. "वन्सं, त्येंच्यात आता कोन बी न्हाई. घर उघडं हाय, आत मानूस न्हाई." तोंड वर करून म्हणालीस. पौषात तुरीची पोती घेऊन गुलबर्ग्याला गेलेला धडधाकट माणूस. अडतीत पोत्यांची थप्पी अंगावर आली, डोकं काट्याच्या लोखंडी पाटावर आपटलं. दोन महिने दवाखान्यात तू आणि मी आळीपाळीनं बसलो. डॉक्टर टाचेला सुई टोचायचे तेव्हा पाय मागं जायचा, ते तूही बघितलंस. डोळ्यांसमोर बत्ती धरली की बाहुली लहान व्हायची, तेही बघितलंस. मग माणूस नाही कसा?

तू निघून गेल्यावर मी गाडी करून परत त्या डॉक्टरांकडे गेले. ते म्हातारे डॉक्टर मनानं बरे आहेत. म्हणाले, "बाई, बदन तो चल रा. मगर अंदर खुशी-गम पौंचता की नईं, वो सुई टोचके नईं समझता. तुम नर्सां का काम सीखे सो हैं. घर की एक-एक चीज सामने रखो, नाडी गिनो, लिखो. रोनेवालों को पास नक्को आने देव."

म्हणून मी वही केली आहे. मिशनच्या दवाखान्यात तीन वर्षं काढली ती काय नुसत्या बाटल्या धुवायला नाही. आधी शांत असताना नाडी मोजायची. मग एक गोष्ट दाखवायची, ऐकवायची किंवा नाकाजवळ धरायची. मग परत मोजायची. श्वास, डोळे, चेहरा, सगळं लिहायचं. दिवसाला एकच गोष्ट, नाहीतर माणूस थकतो. काल सर्जा बैलाची घुंगरमाळ वाजवली तर अण्णाचा श्वास सोळाचा बावीस झाला. ऐकलंस? त्याला बैल कळतो. बायको कळते की नाही ते बायको समोर आल्याशिवाय कसं कळणार?

गाडी पाठवू की बाप पोचवतो? तेवढं कळव.

शकू


कडगंची, ज्येष्ठ शुद्ध ३

कलावैनी,

उत्तर आलं नाही. आली ती बातमी, आणि ती आणली मडिवाळप्पा गाडीवाल्यानं. भालकीच्या बाजाराहून घोंगड्या घेऊन आला, दारात पाणी प्यायला, आणि सहज म्हणाला, "अक्का, तुमच्या वैनीचा पाट लावायलेत म्हनं. भालकीचा बिजवर हाय. तुमाला ठाव न्हाई व्हय?"

मला ठाव न्हाई! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. नवरा जिवंत, कपाळाला कुंकू, आणि बापानं दुसरं घर बघितलं!

गुंडेराव, आता तुम्ही ऐका. मास्तर, जरा त्यांच्या कानाजवळ जा. पाच वर्षांपूर्वी तुम्ही याच घरात सोयरीक करायला बसला होता. तुमचा पहिला प्रश्न काय होता? हुंडा नाही, शेत नाही. "तुमच्यात बायकांचा पाट लावत्यात का?" आणि अण्णा ताठ बसून म्हणाला, "आमच्या घरात न्हाई. ही बहीन बघा, पंध्राव्या वर्षी पांढऱ्या कपाळानं आली. बसून हाय." मी तेव्हा दाराआड गूळपाणी घेऊन उभी होते. माझ्याकडे बोट दाखवून त्यानं तुम्हाला घराची अब्रू दाखवली आणि ती बघून तुम्ही पोरगी दिलीत. आता तुमच्या पोरीवर वेळ आली तेव्हा पाट चालतो? मी चौदा वर्षं बसून आहे, तुमच्या पोरीला चार महिने बसवेना?

पाटाआधी काडीमोड लागते, आणि काडी नवऱ्यानं स्वतःच्या हातानं मोडावी लागते. म्हणून तुम्ही पंच घेऊन येणार, हेही मडिवाळप्पा बोलला. या. जरूर या. पण अण्णाच्यात माणूस नाही म्हणून कुणी सांगितलं, तर मी वही पुढं ठेवीन.

आता वैनी, तुझ्याशी. मागच्या पत्रात एक खोटं लिहिलं होतं. घुंगरमाळेनं काही झालं नाही. श्वास सोळाचा सोळाच होता. घुंगरमाळ, देवळातली घंटा, फोडणीचा वास, आईच्या ओव्या मी म्हटल्या त्या, सगळं पालथ्या घड्यावर पाणी. माझा राग माझ्या अक्षरांत उतरला आणि सोळाचे बावीस झाले. पण आता लिहिते ते वहीत तीनदा तपासून लिहिलेलं आहे.

कणगीमागं तुझं हिरवं लुगडं सापडलं. न धुतलेलं, जाण्याच्या दिवशी बदललेलं. अण्णाची चादर ओली झाली होती, हाताशी तेच होतं म्हणून पांघरलं. आणि त्याच्या नाकपुड्या हलल्या. मी मनगट धरलं. सहासष्टची नाडी चौऱ्याण्णव झाली. डाव्या डोळ्यातून पाणी आलं, ते कानापर्यंत ओघळलं.

डोळ्याला पाणी तर धुरानंही येतं, म्हणून मी लगेच विश्वास ठेवला नाही. दुसऱ्या दिवसापासून त्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधली, म्हणजे रंगाचा प्रश्न नको. एक दिवस माझं लुगडं, एक दिवस शेजारच्या शांतम्माचं, एक दिवस दुकानातलं कोरं, मग तुझं. सात दिवस, उलटसुलट. तुझं आलं की नव्वदच्या वर, दर वेळी. कोऱ्याला सहासष्ट. शांतम्माच्याला अडुसष्ट. माझ्याला सहासष्ट.

हो, शांतम्मापेक्षा दोन कमी. मी लिहिलं तसंच. पाच महिने त्याचं मळमूत्र काढणाऱ्या बहिणीच्या लुगड्याला आणि दुकानातल्या कोऱ्याला एकच आकडा.

तर घे. तुझा नवरा आत आहे आणि तो तुझ्यासाठी आहे. लाज वाटत असेल तर ये. पंचांसमोर मी तेच लुगडं धरणार आहे आणि उद्धवराव पाटलांच्या हातात अण्णाचं मनगट देणार आहे. मग बघू कोण पाट लावतो.

शकू


कडगंची, ज्येष्ठ वद्य १०

कलावैनी,

तुझा बाप घरी पोचला असेल आणि त्यानं आपल्या परीनं सांगितलंही असेल. आता माझ्याकडचं ऐक. मास्तर, आज तुमच्या आवाजाला धार येऊ द्या.

पाच पंच आले. पुढं आमच्या गावचे उद्धवराव पाटील, मागं तुझ्या बापानं आणलेले दोघं. माणसं दवाखान्यात डॉक्टरांसारखी गप्प बसतील असं मला उगीच वाटलं होतं. एकानं कानाजवळ थाळी बडवली. एकानं अण्णाला ओरडून सांगितलं, "राघोबा, गंजीला आग लागली रं!" तिसरा उंटावरचा शहाणा म्हणाला, तळपायाला निखारा लावून बघू. मी त्याचा हात धरून बाहेर काढला. ज्या माणसाला कळतं की नाही ते बघायला आलात, त्याला आधी माणसासारखं तरी वागवा!

मग उद्धवराव म्हणाले, "शकू, तुझं काय हाय ते दाव." मी लुगडं आणलं, अण्णावर पांघरलं, मनगट त्यांच्या हातात दिलं.

काही झालं नाही. नाकपुडी हलली नाही. वास उडून गेला असेल. उन्हाळ्याचे दिवस, महिनाभर वापरलेलं लुगडं. गुंडेराव हसले. मला ते हसू आयुष्यभर पुरेल.

म्हणाले, "पाटील, बघितलं न्हवं? आता येळ कशाला. काडी त्याच्या हातात देऊ, म्या वरून हात धरतो, मोडू. झालं."

तेव्हा मी बोलले. बाईनं पंचांत बोलू नये म्हणतात, तरी बोलले. "वरून हात धरून मोडायची तर मढ्याचा बी अंगठा उठवत्यात. त्याला कळत आसंल तर त्यो मोडंल. कळत नसंल तर कुनाची काडी, कुनी मोडायची?" उद्धवरावांनी मिशीवरून हात फिरवला. माणूस न्यायाचा आहे. मग त्यांनी निकाल दिला. राघोबा मेलेला नाही, म्हणून कला रांड नाही. राघोबाला कळतं असं दिसलं नाही, म्हणून काडीमोडही नाही. परागंदा झालेल्या नवऱ्याची बायको जशी बारा वर्षं वाट बघते, तशी हिनं बघावी. तोवर पाट लावील त्याच्या घरचं पाणी बंद.

बारा वर्षं, वैनी. आज तू बावीसची आहेस. चौतिसाव्या वर्षी मोकळी होशील. भालकीचा बिजवर तोवर थांबतो का बघ.

मला आनंद झाला हे लपवत नाही. तू गेलीस त्या दिवसापासून पहिल्यांदा पोटभर जेवले.

शकू


कडगंची, आषाढ वद्य २

कलावैनी,

मास्तर, हे पत्र दोन भागांत आहे. मध्ये मी रेघ मारली आहे. रेघेपर्यंतचं अंगणात वाचा, सगळ्यांना ऐकू जाईल असं. रेघेखालचं तिला एकटीला बाजूला बसवून वाचा, आणि वाचून झाल्यावर विसरा. तुमच्या गळ्यातल्या लिंगाची शपथ घालते.

काडी मोडली. अण्णानं स्वतः मोडली.

पंच गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याचं तोंड पुसत होते आणि बडबडत होते. म्हटलं, जिंकले मी, बारा वर्षं बसंल आता तुझी कला. पंचांनी आणलेली गवताची काडी गोधडीवर तशीच पडली होती. डाव्या हाताची बोटं अण्णा थोडी आवळतो, हे आधीपासून आहे. तान्हं मूल आवळतं तसं, त्यात काही विशेष नाही. काडी त्या बोटांत अडकली. मी बोलत राहिले. बोटं हळूहळू आवळली, काडी वाकली आणि मोडली. आवाजसुद्धा झाला नाही.

मी म्हटलं, तान्ह्या मुलाच्या मुठीतही मोडली असती. म्हणून वही काढली. तीन दिवस, नऊ काड्या, सगळ्या एकाच जुडीतल्या. तीन वेळा काडी बोटांत दिली आणि काहीच बोलले नाही. ऊन उंबऱ्यावरून चुलीपर्यंत गेलं तरी काडी तशीच. तीन वेळा विचारलं, "कलाला परत आनू?" काडी तशीच, नाडी मात्र नव्वद. तीन वेळा विचारलं, "कलाला सोडतोस?" तिन्ही वेळा मोडली. मोडल्यावर नाडी चौसष्टवर आली, इतकी खाली ती पौषापासून कधी आली नव्हती. डोळ्याला पाणी तिन्ही वेळा होतं.

ते खुशीचं होतं की दुःखाचं, हे वहीत लिहायला माझ्याकडे रकाना नाही. त्यानं तुला ओळखलं, तू हवी आहेस हे सांगितलं आणि सोडलं, एवढं खरं आहे.

त्यानंतर मी गप्प बसले. एक-दोन दिवस नाही, सतरा दिवस. वही कणगीत टाकली. कुणी विचारणारं नव्हतं, अण्णा सांगणार नव्हता, आणि मला वाटलं, बसू दे हिला. मग परवा सकाळी उठले आणि स्वतःचाच इतका राग आला की तशीच पाटलांच्या वाड्यावर गेले. उद्धवराव दोन पंच घेऊन आले. मी प्रश्न विचारला नाही. त्यांनाच विचारायला सांगितलं, माझा आवाज नको म्हणून. म्हातारा वाकला, "राघोबा, तुझ्या बायकूला मोकळं करतूस का बाबा?" बराच वेळ लागला. एक पंच उठायला लागला होता. आणि मग मोडली.

उद्धवरावांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं. त्यांची सही असलेला कागद सोबत आहे. कला मोकळी आहे. गुंडेराव, तुमच्या जावयाला कळत होतं. तुम्ही हसला होता.

तुझी पेटी, दोन भांडी आणि जोडवी मडिवाळप्पाच्या गाडीत घातली आहेत. मोजून घे.

____________

आता एकटी आहेस ना, वैनी?

ते लुगडं उन्हानं बिनवास झालं नव्हतं. मी धुतलं. तुला दुसरं पत्र टाकून आले त्याच दुपारी, सोडा घालून, दगडावर आपटून आपटून धुतलं. दुसऱ्या दिवशी त्याच्यावर पांघरलं आणि नाडी मोजली. सहासष्ट. माझ्याइतकीच. मला बरं वाटलं. पंच येणार आहेत, माझा सगळा पुरावा त्या लुगड्यात आहे, हे माहीत असून धुतलं. इतकी मी तुझ्यावर जळत होते. पंचांसमोर ते पांघरताना मला ठाऊक होतं की काही होणार नाही, आणि तरी मी गुंडेरावांच्या हसण्याचा राग केला.

आणि दुसरं. मी बसून राहिले ते घराच्या अब्रूसाठी, असं अण्णानं तुझ्या बापाला सांगितलं. मला कुणी विचारलं नव्हतं. मी एकोणीस वर्षांची असताना आळंदचं स्थळ आलं होतं. शेतकरी होता, एक डोळा जरा बारीक होता, हसायचा छान. पंच बसले, सुपारी ठेवली. मी आत नवं लुगडं नेसून बसले होते, वैनी. अण्णानं सुपारी बोटानं परत सरकवली आणि म्हणाला, "आमच्यात न्हाई." मी मिशनच्या दवाखान्यात गेले ती सेवाभावानं नाही, त्याचं तोंड बघायला नको म्हणून गेले. आई आजारी पडली तेव्हा परत यावं लागलं. मग सात वर्षं याच घरात भाकरी थापल्या आणि एकदाही त्याला विचारलं नाही.

तुला त्यानं डोकं फुटलेलं असताना, अर्धं अंग लुळं असताना, एका हाताच्या बोटांनी मोकळं केलं. मला धडधाकट असताना केलं नाही. मी तुझ्यावर इतकी का चिडले ते आता तुला कळलं असेल. मला स्वतःला ते पाटील जाईपर्यंत कळलं नव्हतं.

काल दुपारी घरात कुणी नव्हतं. मी बाजेजवळ बसले, त्याचं मनगट धरलं आणि विचारलं, "अण्णा, माझा पाट कामून मोडलास?" आणि मोजायला लागले. नाडी धावत होती. शंभर, एकशे दहा, त्याच्याही वर. मला रडू फुटलं. वाटलं, दहा वर्षांनी का होईना, पोचलं. लुगड्याला नव्वद होते, मला एकशे दहा. लिहायला वही ओढली तेव्हा हाताकडे नजर गेली.

मिशनमध्ये पहिल्याच दिवशी शिकवतात, नाडी बोटांनी धरावी, अंगठ्यानं कधी धरू नये. अंगठ्यात आपली स्वतःची नाडी असते, आणि माणूस आपलीच मोजत बसतो. मी त्याचं मनगट अंगठ्यानं दाबून धरलं होतं.

बोटांनी परत मोजली नाही.

शकू